मोटर टँकर 'इंडिया', १९४३ : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. गावच्या वाचनालयाच्या मागच्या दालनात सप्टेंबरात एक मोठा फलक लावायचा आहे. मधोमध दक्षिण पॅसिफिकचा नकाशा, बाजूला मजकूर, सोबत न्यायला एक छोटी पुस्तिका. विषय एकच बोट : नॉर्वेचा तेलवाहू 'इंडिया', ९,९७७ ग्रॉस टनांचा (हे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या जागेचं माप). पेरूहून तेल भरून ऑस्ट्रेलियाकडे निघालेला हा टँकर ११ सप्टेंबर १९४३ रोजी ईस्टर बेटाच्या पश्चिमेला 'मिशेल' या जर्मन हल्लेखोर जहाजाने पेटवून बुडवला. बोटीवर चाळीसेक माणसं होती. एकही वाचला नाही.

मी आयुष्यभर टँकरवर नोकरी केली, त्यामुळे विषय टँकरचा निघाला यात नवल नाही. पण खरं कारण वेगळं आहे. आमच्या किनारपट्टीत बोटीवर माणूस नाही असं घर विरळा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर गेलेले आणि परत न आलेले अविभाजित भारताचे जवळपास सहा हजार व्यापारी खलाशी मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मरणवहीत नोंदलेले आहेत. त्यात कोकणातली नावं भरपूर. अशा गावाला 'सगळे गेले' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मला दाखवायचं आहे ते त्याच्या पुढचं : जिचा एकही साक्षीदार उरला नाही अशा बोटीची हकिगत मागे राहते कशी, आणि कोणाच्या तोंडून.

४ जून

नॉर्वेत दर बुडालेल्या बोटीमागे एक कागद असतो. वाचलेले कप्तान, मेट (कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी), खलाशी जवळच्या बंदरात पोचले की त्यांना वकिलातीत किंवा कोर्टासमोर बसवून जबानी घेत : किती वाजता, कुठल्या बाजूने, कोण कुठे होता, होड्या कशा सुटल्या. युद्धानंतर या जबान्या एकत्र करून छापल्या गेल्या. त्यातली भाषा कोरडी असते, पण त्या कोरडेपणात सगळं असतं. स्वयंपाकी कॉफी करत होता, तिसरा इंजिनिअर नुकताच झोपला होता, डाव्या बाजूची मागची होडी चक्काचूर झाली होती.

'इंडिया'साठी अशी जबानी देणारं कोणी उरलं नाही. बुडण्याची वेळ, जागा, आगीचं वर्णन, जे काही आपल्याला माहीत आहे ते सगळं 'मिशेल'च्या बाजूच्या माणसांकडून आलेलं आहे. ज्यांनी तोफा डागल्या तेच एकमेव साक्षीदार. फलकावरच्या मजकुरात हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. तळटीप म्हणून नाही.

८ जून

आज पार्श्वभूमीचा मजकूर लिहिला. इथल्या वाचकाला पहिला प्रश्न पडेल : नॉर्वेसारखा एवढासा देश, त्याची बोट पेरू-ऑस्ट्रेलियाच्या मधोमध करत काय होती?

१९३९ साली नॉर्वेचा व्यापारी ताफा जगात चौथ्या क्रमांकाचा होता, आणि त्यातही आधुनिक मोटर टँकर हे त्यांचं बलस्थान. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केलं तेव्हा हजारभर नॉर्वेजियन बोटी जगभरच्या समुद्रांत होत्या. ओस्लोतून रेडिओवर हुकूम आले की मायदेशी या, नाहीतर जर्मन किंवा तटस्थ बंदरांत जा. खुल्या समुद्रातल्या कप्तानांनी ते जुमानले नाहीत. राजा होकोन आणि त्याचं सरकार अजून नॉर्वेतच इकडून तिकडे माघार घेत होतं, तेवढ्यातच त्याने हा सगळा ताफा सरकारी ताब्यात घेतला. त्यातून 'नॉर्ट्राशिप' उभी राहिली. कार्यालयं लंडन आणि न्यूयॉर्कला, आणि त्या घडीला जगातली सर्वांत मोठी जहाज कंपनी.

ब्रिटनला युद्धाच्या सर्वांत वाईट काळात जे तेल मिळालं त्याचा मोठा हिस्सा नॉर्वेजियन टँकरांनी वाहिला. इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या विमानांचं पेट्रोल कोणीतरी समुद्रावरून आणलं होतं, हे मुलांना सांगताना मी नेहमी इथे थांबतो. ती माणसं सैनिक नव्हती. पगारावर काम करणारी, घरी बायकापोरं असलेली, साध्या गंजीफ्रॉकवर इंजिनरूममध्ये राबणारी माणसं.

आणि घर म्हणजे जर्मनांच्या ताब्यातलं गाव. पाच वर्षं घरी जाता येणार नाही. रेडक्रॉसमार्फत मोजक्या शब्दांचा निरोप गेला तर गेला, तोही महिनोन्‌महिन्यांनी. बोटीवर सहा-आठ महिने काढून घरी येणाऱ्यांना हे वाचताना पोटात खड्डा पडेल.

१५ जून

ब्याऐंशी वर्षांपूर्वी याच तारखांना 'मिशेल'ने दुसऱ्या सफरीतली पहिली शिकार केली होती. म्हणून आज तिच्याकडेच बसलो.

'मिशेल' मूळची पोलंडसाठी डान्झिगच्या गोदीत बांधायला घेतलेली मालवाहू बोट. जर्मनांनी ती ताब्यात घेऊन हल्लेखोर जहाज बनवलं. दुरून पाहिलं तर कुठलीही साधी व्यापारी बोट. पण कोसळणाऱ्या पडद्यांमागे सहा १५ सेंटिमीटर तोफा, टॉर्पेडो नळ्या, पोटात दोन छोटी विमानं आणि 'एसाउ' नावाची एक वेगवान टॉर्पेडो-होडी. बोटीवर चारशेच्या आसपास माणसं.

पहिल्या सफरीचा कप्तान हेलमुट फॉन रुक्टेशेल. त्याची रीत अशी : दिवसा डोलकाठीवरच्या टेहळ्याने बोट हेरायची, मग क्षितिजापलीकडे राहून तिचा मार्ग आणि वेग मोजायचा, अंधार पडला की जवळ जायचं आणि इशारा न देता थेट ब्रिजवर (जिथून बोट चालवतात तिथे) आणि रेडिओच्या खोलीवर मारा करायचा. युद्धानंतर हॅम्बर्गला याच्यावर युद्धगुन्ह्यांचा खटला झाला, शिक्षा झाली आणि १९४८ मध्ये तो तुरुंगातच मेला.

दुसऱ्या सफरीला कप्तान बदलला. ग्युंथर गुम्प्रिश आधी 'थोर' या हल्लेखोर जहाजावर होता. ३० नोव्हेंबर १९४२ ला योकोहामा बंदरात 'उकरमार्क' या तेलपुरवठा जहाजाचा स्फोट झाला आणि शेजारी लागलेलं 'थोर' त्यात जळून गेलं. बोट गेलेला कप्तान आणि कप्तानाने सोडलेली बोट, दोन्ही जपानमध्येच होते. मे १९४३ मध्ये गुम्प्रिश 'मिशेल' घेऊन जपानहून निघाला.

त्या सफरीत त्याने तीन बोटी बुडवल्या. तिन्ही नॉर्वेजियन. जूनच्या मध्यावर हिंदी महासागरात 'होएग सिल्व्हरडॉन', दोनच दिवसांनी 'फर्नकॅसल' नावाचा टँकर, आणि मग जवळपास तीन महिने हात हलवत फिरून सप्टेंबरात 'इंडिया'.

१८ जून

फलकाची रचना आज बदलली. 'इंडिया'ची गोष्ट एकटी सांगायची नाही. त्या आधीच्या दोन बोटींच्या शेजारी ठेवून सांगायची.

'होएग सिल्व्हरडॉन' ऑस्ट्रेलियाहून इराणच्या आखाताकडे युद्धसामग्री घेऊन चालली होती. रात्री हल्ला झाला, पुष्कळ माणसं गेली. पण कप्तान आणि त्याच्यासोबतचे दहा जण एका होडीत जमले आणि शीड लावून निघाले. सुमारे महिनाभराने, २,८०० सागरी मैलांहून जास्त अंतर कापून ते भारताच्या किनाऱ्याला लागले.

हे कसं शक्य झालं ते इथल्या कोणत्याही जुन्या तांडेलाला विचारा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जून-जुलैत आग्नेय व्यापारी वारे वायव्येकडे वाहतात. विषुववृत्त ओलांडलं की तेच वारे वळतात आणि नैऋत्येकडून भारतावर येतात. आपण ज्याला मोसमी वारा म्हणतो, ज्याच्या तोंडावर आपल्या होड्या ओढून झापांखाली झाकून ठेवतो, त्याच वाऱ्याने ती होडी ढकलत आणली. ऐन पावसाळ्यात. समुद्र काय असेल त्याची कल्पना करवत नाही, पण दिशा मात्र बरोबर होती. आणि पाणी संपलं तरी पाऊस होता.

'फर्नकॅसल'ची काही माणसंही अशीच महिनाभर भरकटत पार मादागास्करला पोचली. तो वारा पश्चिमेकडचा फाटा.

म्हणून या दोन बोटींच्या हकिगती आहेत. कुठल्या बाजूने गोळे आले, कोण कोणाला काय म्हणाला, होडीत बिस्किटं कशी वाटली. गुम्प्रिश हल्ला कसा करतो हे या माणसांनी सांगितलं, आणि 'इंडिया'वर काय झालं असेल हे समजायला आपल्या बाजूने तेवढाच आधार आहे. नकाशावर या दोन होड्यांच्या वाटा हिंदी महासागराच्या छोट्या चौकटीत काढणार. वाऱ्याचे बाणसुद्धा.

२९ जून

आज नकाशाचं मूळ काम. पेरूचं तेल भरायचं मोठं बंदर तालारा, तिथपासून सिडनीपर्यंतची रेघ मारली.

ही गोष्ट शाळेतल्या मुलांसाठी सविस्तर लिहितो, कारण भिंतीवरचा नेहमीचा नकाशा इथे फसवतो. तालारा साडेचार अंश दक्षिणेला, सिडनी चौतीस अंश दक्षिणेला. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ तिरकी रेघ येते. पण पृथ्वी गोल आहे. सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे महावर्तुळ, आणि ते या नकाशावर दक्षिणेकडे पोट काढून जातं. कागद-पेन्सिल घेऊन दर दहा रेखांशाला अक्षांश काढले :

९०° पश्चिमेला १२° दक्षिण. १००° ला २०°. ११०° ला पावणेसत्तावीस. १२०° ला ३२°. पुढे बेचाळीस अंशांपर्यंत खाली उतरून रेघ पुन्हा वर चढते, न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीच्या आसपासून जाते आणि सिडनीला लागते. एकूण अंतर सात हजार सागरी मैलांच्या घरात. बारा नॉटने (तासाला बारा सागरी मैल) चालणाऱ्या बोटीला चोवीस-पंचवीस दिवस.

आता ११०° पश्चिमेचा आकडा परत बघा. ईस्टर बेट २७° दक्षिणेला, १०९° पश्चिमेला आहे. म्हणजे तालारा-सिडनी महावर्तुळ त्या बेटाच्या उत्तरेकडून पन्नास मैलांच्या आत जातं. डिव्हायडरची टोकं तिथे टेकली तेव्हा अंगावर काटा आला. पॅसिफिकसारख्या अफाट पाण्यात 'ईस्टर बेटाच्या पश्चिमेला' ही जागा आडवाटेची वाटते. ती आडवाट नाही. युद्धात बोटींना वेगवेगळे वळणाचे मार्ग दिले जात, त्यामुळे 'इंडिया' याच रेघेवर होती असं मी लिहिणार नाही. पण पेरूहून ऑस्ट्रेलियाकडे जाणारी बोट या पट्ट्यात येणारच, आणि हे नकाशा समोर घेऊन बसलेल्या शिकारी कप्तानालाही दिसतच होतं.

तालाऱ्यापासून बेटापर्यंत २,१०० मैल. पूर्ण वेगाने आठवडाभराचा प्रवास. पुढे पश्चिमेला पिटकेर्न बेट हजारापेक्षा जास्त मैलांवर. मधे वस्ती कुठेच नाही. या भागात वॉच करताना दिवसचे दिवस क्षितिजावर एक ठिपकाही उमटत नाही. एकट्या बोटीला तिथे सुरक्षित वाटतं, आणि ताफ्याशिवाय, पहाऱ्याच्या जहाजाशिवाय टँकर तिथून पाठवले जात ते याच हिशेबावर.

६ जुलै

पुतणी चित्रकलेच्या शाखेला आहे. बोटीचा उभा छेद तिने काढायचा ठरला. आज दिवसभर आम्ही दोघं ओसरीवर.

त्या काळच्या टँकरची ठेवण आताच्यापेक्षा वेगळी. आता सगळी वस्ती पाठीमागे असते. तेव्हा ब्रिज मध्यावर, इंजिन मागे. कप्तान, मेट आणि रेडिओवाला मधल्या घरात राहत. इंजिनिअर, तेल्ये, स्वयंपाकघर, जेवणाची खोली मागच्या घरात. दोन्ही घरांच्या मधे तेलाच्या टाक्यांची लांबलचक डेक, आणि तिच्यावर माणसाच्या उंचीवर एक अरुंद लोखंडी चालवाट, कारण भरलेला टँकर पाण्यात इतका खाली बसतो की वादळात डेकवरून लाटाच जातात. जेवायला, वॉच बदलायला सगळ्यांनी त्याच वाटेवरून जायचं.

"काका, होड्या कुठे दाखवू?" तिने विचारलं.

"दोन मधे, दोन मागे."

"आणि आग लागली तर?"

मी पेन्सिल घेऊन टाक्यांवर रेघोट्या ओढल्या. "इथे लागते. मधोमध. मग मधले मागे जाऊ शकत नाहीत आणि मागचे मधे. होडी उतरवायची तर बोटीच्या कडेला, आणि कडेला पाण्यावरही तेल जळतंय."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माणसं काढू का चित्रात?" मी म्हटलं काढ, पण कामावर असलेली काढ. पंपरूमच्या शिडीवर एक, चालवाटेवर डबा घेऊन जाणारा एक, इंजिनसमोर कपाळ पुसणारा एक, ब्रिजच्या पंखावर दुर्बीण घेतलेला एक. आगीचं चित्र नको. आग फलकावर कुठेच नको. ज्यांनी ती सोसली त्यांनी सांगितलेली नाही, ती आपण रंगवायची नाही.

या आकाराच्या टँकरात पंधरा हजार टनांच्या आसपास तेल मावतं. हा आकडा चित्राखाली टाकायचा. 'मिशेल'कडच्या वर्णनाप्रमाणे 'इंडिया' तोफांच्या माऱ्यात इतकी भडकली की कोणाला उचलून घेण्याचा प्रश्नच उरला नाही. फलकावर एवढं एकच वाक्य, आणि ते कोणाकडून आलंय हेही त्याच ओळीत.

२० जुलै

चंद्राचा हिशेब केला. रात्री हल्ला करणाऱ्या जहाजाला चांदणं महत्त्वाचं असतं. चांदण्यात सावज दिसतं, आणि आपणही दिसतो.

११ सप्टेंबर १९४३ म्हणजे भाद्रपद शुद्ध द्वादशीच्या आसपासचा दिवस. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर. मोठा, फुगीर चंद्र संध्याकाळीच वर आलेला आणि मध्यरात्र उलटल्यावर बऱ्याच वेळाने मावळणारा. त्या वर्षी इथे गणपती बसलेले होते, अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर होती. माझे वडील तेव्हा शाळकरी पोर. आरत्या चालल्या असतील. हे फलकावर टाकायचं, कारण आमच्या लोकांच्या मनात तारखेपेक्षा तिथी लवकर उतरते आणि त्यावरून आकाश कसं होतं तेही लगेच कळतं. मात्र हल्ल्याचा घटका-पळांचा तपशील त्यावरून रचायचा नाही. तिथी द्यायची आणि थांबायचं.

२ ऑगस्ट

मजकुराबद्दल वाचनालयाच्या मंडळात चर्चा झाली. एक जण म्हणाले, परक्या देशाच्या बोटीसाठी एवढा फलक कशाला, आपल्या खलाशांचाच करू. प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या खलाशांचा फलक पुढच्या वर्षी होणारच आहे. पण मी त्यांना १४ एप्रिल १९४४ ची आठवण दिली. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळा भरलेलं जहाज फुटलं तेव्हा शेजारच्या धक्क्यांवर नॉर्वेजियन बोटीही लागलेल्या होत्या, 'बेलरे' त्यातलीच. आमच्या माझगावच्या चाळीत आजी ज्या हादऱ्याबद्दल सांगायची तो त्यांनीही सोसला. त्या युद्धात मुंबईच्या बंदरात रोज शेजारीशेजारी बांधल्या जाणाऱ्या बोटी होत्या त्या. परके म्हणावं इतके ते लांब नव्हते.

मंडळाने मान्यता दिली. त्याच गृहस्थांनी छपाईच्या खर्चाला हातभारही लावला.

१० ऑगस्ट

'मिशेल'चं पुढे काय झालं तो मजकूर. याला जास्त जागा द्यायची नाही.

'इंडिया' ही तिची शेवटची शिकार. जर्मन हल्लेखोर जहाजांच्या सगळ्या युद्धातलीही शेवटचीच. सव्वा महिन्याने, १७ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री, जपान जवळ आला असताना अमेरिकेच्या 'टार्पन' पाणबुडीने 'मिशेल'ला गाठलं आणि टॉर्पेडोंनी बुडवलं. गुम्प्रिशसकट अडीचशेहून जास्त माणसं गेली, शंभराच्या वर वाचून जपानच्या किनाऱ्याला लागली.

एका मित्राने मसुदा वाचून लिहिलं की इथे 'न्याय झाला' असं काही यावं. मी नाही घालणार. 'इंडिया'चा शेवट प्रत्यक्ष पाहिलेली बरीच माणसं त्या रात्री गेली. साक्षीचं जे होतं त्यातलंही निम्म्याहून जास्त बुडालं, एवढाच माझ्यासाठी त्याचा अर्थ आहे.

१७ ऑगस्ट

घरच्यांचा भाग. हा लिहायला सगळ्यात जड गेला आणि सगळ्यात जास्त खोडाखोड याच पानावर आहे.

८ मे १९४५ ला नॉर्वे मोकळा झाला. गावोगाव झेंडे निघाले. पाच वर्षं बाहेर असलेल्यांची पत्रं यायला लागली, मग माणसं यायला लागली. आणि काही घरांत पत्रंही नाहीत आणि माणसंही नाहीत. जी बोट साक्षीदारांसकट गेली तिच्या घरांना 'कसं' या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणी सोबतीही परत आला नाही. बाकीच्या बोटींवरचा कोणीतरी दारात येऊन टोपी हातात धरून सांगायचा की मी त्याच्याबरोबर होतो. इथे तेही नव्हतं.

आणि जे परतले त्यांच्याशी देश धड वागला नाही, हे स्पष्ट लिहायचं. युद्धात इंग्रज खलाशांपेक्षा नॉर्वेजियन खलाशांचा जास्तीचा जोखीमभत्ता हातात न देता एका गुप्त निधीत ठेवला गेला होता. युद्धानंतर तो पैसा आपल्याला मिळेल अशी खलाशांची धारणा होती. मिळाला नाही. त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. दरम्यान झोप उडालेले, दारूत बुडालेले, दार आपटलं की दचकणारे युद्धखलाशी ही नॉर्वेच्या बंदरगावांतली नेहमीची गोष्ट झाली होती. डॉक्टरांनी अभ्यास करून तो आजार युद्धामुळेच असल्याचं दाखवलं तेव्हा कुठे सरकारचे डोळे उघडले. १९७२ मध्ये संसदेने युद्धकाळात समुद्रावर काढलेल्या दर महिन्यामागे १८० क्रोनर दिले. सरकारने जाहीर माफी मागितली ती २०१३ साली. तोवर बहुतेक जण गेलेले होते.

आमच्या गावात पेन्शनसाठी, नुकसानभरपाईसाठी कंपन्यांच्या आणि एजंटांच्या पायऱ्या झिजवलेल्या बायका आहेत. हा परिच्छेद त्या नीट वाचतील. म्हणून त्यातला एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नाही.

२४ ऑगस्ट

नावांची यादी. क्रिस्टियानसान इथल्या 'आर्किवेट' संस्थेने नॉर्वेच्या युद्धखलाशांची मोठी नोंदवही उभी केली आहे. बोट निवडली की तिच्यावरची माणसं, कोण कुठला, कोण काय काम करायचा ते कळतं. जिवंत राहिलेले, गेलेले, परदेशी असूनही नॉर्वेच्या बोटीवर गेलेले, सगळे. सामान्य खलाशांसाठी एवढं काम झालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही, आणि आपल्याकडे त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी झालं तरी कोकणातल्या कितीतरी घरांना आपला माणूस कुठल्या पाण्यात गेला ते कळेल.

यादी फलकावर देवनागरीत जाईल. उच्चारांसाठी एका नॉर्वेजियन चीफ इंजिनिअरची मदत घेतली, जुना सोबती, आता निवृत्त. त्याने प्रत्येक नाव ध्वनिमुद्रित करून पाठवलं. आधी सावकाश, मग घरात हाक मारावी तसं. नावांना वयाच्या क्रमाने लावायचं की हुद्द्याच्या? मी हुद्दे काढून टाकले. कप्तान आणि मेसबॉय एकाच टायपात, एकाच आकारात.

३१ ऑगस्ट

नॉर्वेतल्या स्टावेर्न गावच्या खलाशी-स्मारकावर एक चौकट घालायची राहिली होती, ती पूर्ण केली. नोकरीत असताना एकदा बोट ओस्लोच्या खाडीत लागलेली असताना मी तिथे जाऊन आलो. किनाऱ्यावर दगडी पिरॅमिड, १ ऑगस्ट १९२६ ला राजा होकोनच्या हस्ते खुला झालेला, तेव्हा पहिल्या महायुद्धातल्या खलाशांसाठी. दुसऱ्या युद्धानंतर त्यात नवी नावं आली. खाली तळघरासारखं दालन आहे, भिंतींवर तांब्याचे पत्रे, त्यांवर ओळीने नावं. बोटाने चाचपत गेलं की अक्षरांचा खडबडीतपणा लागतो. खलाशाला थडगं नसतं, म्हणून भिंत. तिथे एक म्हातारी बाई एका नावावर तळवा टेकवून उभी होती, पाठ आमच्याकडे. मी बाजूने निघून आलो.

आपल्या फलकावरची नावंही छापील न ठेवता उठावाची करता येतील का, हे कोल्हापूरच्या एका कारागिराला विचारलंय. पितळेच्या पत्र्यावर होईल म्हणतो. खर्च वाढेल, पण हात लावता आला पाहिजे.

५ सप्टेंबर

पत्रा आला. छान झालाय. अक्षरं थोडी रुंद आहेत पण ठसठशीत. पुतणीचं चित्र छापून झालं. चालवाटेवरचा डबा घेतलेला माणूस तिने मागून दाखवलाय, अंगावरचा सदरा वाऱ्याने फुगलेला. मला ते फार आवडलं.

नकाशावर शेवटी चार गोष्टी ठेवल्या : तालारा-सिडनी महावर्तुळ पातळ तुटक रेघेने, ईस्टर बेट, त्याच्या पश्चिमेला एक फिकट पट्टा आणि तारीख, आणि खालच्या चौकटीत हिंदी महासागरातल्या दोन होड्यांच्या वाटा. बुडण्याच्या जागेवर फुली मारली नाही. पट्टाच ठेवला, कारण फुली मारली की आपण तिथे होतो असं वाटायला लागतं.

मुख्य मजकुराच्या पहिल्या ओळी अशा ठरल्या : "या बोटीवरचं कोणीही परत आलं नाही. पुढे जे लिहिलं आहे ते तिला बुडवणाऱ्यांनी पाहिलेलं, आणि तिच्याआधी बुडालेल्या दोन बोटींच्या वाचलेल्या माणसांनी सांगितलेलं आहे."

९ सप्टेंबर

फलक चढवला. पत्रा चार फुटांवर बसवला, लहान मुलांच्या हाताला लागेल असा. ११ तारखेला संध्याकाळी पाच वाजता दालन उघडेल. उद्‌घाटन वगैरे नाही. गावातले तीन निवृत्त बोसन (डेकवरच्या खलाशांचे मुकादम) यादीतली नावं आळीपाळीने मोठ्याने वाचणार आहेत. ध्वनिमुद्रण ऐकून ऐकून त्यांनी उच्चार चांगले बसवलेत.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर विनंती छापली आहे, ती इथेही ठेवतो. १९३९ ते १९४५ या काळात ज्यांच्या घरातलं माणूस कुठल्याही देशाच्या बोटीवर होतं, त्यांनी जुनी नलीपत्रं (खलाशाच्या नोकरीची नोंदपत्रं), फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, आलेल्या तारा वाचनालयात दाखवायला आणाव्यात. मूळ कागद ठेवून घेणार नाही, तिथल्या तिथे स्कॅन करून परत देऊ. पुढच्या वर्षीच्या फलकाचं काम ऑक्टोबरात सुरू होतंय.